बारा गावचं पाणी प्यायलेला सेंटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिरोस्लाव रादुल्यित्सा या सर्बियन बास्केटबॉलपटूची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच ‘सेंटर’ची, कारकीर्द तुम्ही वाचायला घेतली आणि क्लबांची यादी संपेचना. तुर्कस्तान, जर्मनी, युक्रेन, अमेरिका, चीन, ग्रीस, इटली. कुठेच बस्तान नाही. तरी हाच माणूस २०१४ च्या विश्वचषकात आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्बियाकडून रौप्यपदक घेऊन आला. ‘एवढा चांगला असेल तर त्याला कुणी ठेवून का घेत नाही? चांगला नसेल तर पुन्हा पुन्हा बोलावतं कोण?’ आणि शेवटी जाता जाता विचारलंय, ‘यांना पैसे तरी मिळतात का?’

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण माझ्या मते तोच पहिला आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी माझ्याबद्दल एक वाक्य, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा साताऱ्याचा, सतरा वर्षं व्हिएन्नात आहे, आणि बास्केटबॉलपटूंचे करार वाचणं, दुरुस्त करणं आणि ते मोडले की कागदपत्रं गोळा करणं हे माझं काम. मी एजंट नाही आणि कोर्टात उभा राहणारा वकीलही नाही. दोघांच्या मधला कारकून म्हणा. माझ्या टेबलावर येणारे निम्म्याहून जास्त खेळाडू जुन्या युगोस्लाव्हियाच्या मुलखातले असतात.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण शब्दाची आहे. ‘टिकत नाही’ हे माप आपण नोकरीवरून आणलंय. एका खात्यात चिकटला, तीस वर्षं काढली, म्हणजे माणूस भला. युरोपातल्या बास्केटबॉलमध्ये चिकटायला खातंच नसतं. बहुतेक क्लबांचं अंदाजपत्रक एका वर्षाचं. प्रायोजक दरवर्षी नव्याने आकडा सांगतो, नगरपालिका दरवर्षी नव्याने मदत मंजूर करते, आणि प्रशिक्षक तर दिवाळीपर्यंत टिकला तरी खूप. बारा-चौदा जणांचा संघ, त्यात तुमच्या जागेवर दोन माणसं. नव्या प्रशिक्षकाला उड्या मारणारा सेंटर हवा असेल आणि तुम्ही बास्केटकडे पाठ करून खांद्याने जागा काढणारे असाल, तर तुमच्या खेळात काहीही बिघडलेलं नसताना तुमचं काम संपतं. त्यामुळे क्लब मोजून हाती काही लागत नाही. करार मोजा, आणि तो कुठल्या महिन्यात झाला ते बघा.

रादुल्यित्साचंच बघा. इंजियाचा मुलगा, जन्म जानेवारी १९८८. बेलग्रेडच्या एफएमपी क्लबात घडला. पोरं घडवण्यासाठी हा क्लब त्या काळी नावाजलेला होता. तिथून इस्तंबूलच्या एफेसने त्याला घेतलं. यापुढे यादीत बर्लिनचा आल्बा, बेलग्रेडचा पार्तिझान आणि मारियुपोलचा आझोव्हमाश दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, तीन ठिकाणांहून हाकलला. तसं नाही. करार एफेसशीच होता, हे क्लब ‘लोन’वर. मालकाकडे सेंटर जास्त झाले की तो एकाला दुसऱ्याच्या शेतावर पाठवतो. पगाराचा भार वाटला जातो, पोराला खेळायला मिळतं आणि मालकी शाबूत राहते. विकिपीडियावरच्या चार ओळी म्हणजे इथे एकच करार आहे.

आता २०१४ चा ऑगस्ट. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या मिलवॉकी बक्सकडे एक हंगाम खेळून झाला होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याला एनबीएमधल्याच लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवण्यात आलं. क्लिपर्सला तो नकोच होता. त्यांना जेरेड डडली हा खेळाडू देऊन टाकायचा होता आणि हिशेब जुळायला समोरून कुणाचा तरी पगार यावा लागत होता. काही दिवसांतच त्यांनी रादुल्यित्साला मोकळं केलं. त्याच सुमाराला, ३० ऑगस्टला, स्पेनमध्ये विश्वचषक सुरू झाला. म्हणजे एका खंडात तो बिनक्लबाचा झाला होता आणि दुसऱ्या खंडात देशाचा मुख्य सेंटर होता. दोन आठवड्यांनी सर्बिया अंतिम सामन्यात पोचली. अमेरिकेकडून ९२-१२९ असा मार खाल्ला, पण रौप्य ते रौप्य. त्या महिन्यात त्याचा खेळ चांगला होता की वाईट, हे क्लबांच्या यादीवरून तुम्ही सांगू शकाल का? त्याच २०१४-१५ च्या हंगामात तो चीनमध्येही खेळला आणि मिनेसोटाकडे दहा दिवसांच्या करारावरही. एनबीएमध्ये जानेवारीपासून असे दहा-दहा दिवसांचे करार देता येतात. आपल्याकडचा रोजंदारीवरचा गवंडी निदान आठवड्याचा बाजार तरी ठरवून करतो! मग पुढचं वर्ष अथेन्सला पानाथिनाइकोस, त्यापुढचं मिलानला ऑलिंपिया. हे दोन्ही युरोलीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब-स्पर्धेतले मोठे क्लब आहेत. रोजंदारीवरून थेट तिथे बोलावणं आलं, याला ‘टिकत नाही’ कसं म्हणायचं?

आणि या सगळ्या काळात एक जर्सी मात्र बदलली नाही. सर्बियाची. २०१४ आणि २०१६ या दोन्ही वेळी प्रशिक्षक एकच, अलेक्झांडर जॉर्जेविच. फिरस्त्या खेळाडूला ओळखीचा प्रशिक्षक म्हणजे माहेर. तिथे पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करावं लागत नाही, खेळाडू कोणता चेंडू कुठे मागेल हे प्रशिक्षकाला ठाऊक असतं.

जॉर्जेविचचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेतो, कारण सर्बियन खेळाडू एवढे फिरते का, याचं एक मूळ तिथे आहे. १९९२ साली याच जॉर्जेविचने इस्तंबूलला शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फेक मारून पार्तिझानला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं, स्पेनच्या बादालोनाविरुद्ध ७१-७०. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच, त्याचं प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच वर्ष. पण गंमत पुढे आहे. युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे त्या हंगामात पार्तिझानला आपले युरोपातले ‘घरचे’ सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा गावात खेळावे लागले होते. तिथल्या लोकांनी परक्या संघाला आपलं मानलं. मे १९९२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, बार्सिलोना ऑलिंपिक हुकलं, आणि पुढची काही वर्षं युगोस्लाव्हियाच्या संघांना बाहेरची स्पर्धाच नव्हती. ज्याला पोट आणि खेळ दोन्ही वाचवायचं होतं तो बाहेर पडला. पेजा स्टोयाकोविच हा खेळाडू कोवळ्या वयात ग्रीसमधल्या सालोनिकाला गेला आणि ग्रीक नागरिक झाला. तेव्हापासून बेलग्रेडच्या कुठल्याही व्यायामशाळेत सोळा वर्षांच्या पोराला विचारा, शहरातल्या दोन मोठ्या क्लबांपैकी कुठला, पार्तिझान की त्सर्वेना झ्वेझ्दा? तो एक नाव घेईल, आणि लगेच एक परदेशी शहरही सांगेल.

लोकसंख्येचं गणितही आहे. सर्बियाची २०२२ ची जनगणना सुमारे ६६ लाखांची. २०११ मध्ये एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख लोक होते. एवढ्याशा देशात चांगले पैसे देऊ शकणारे क्लब मुळात दोन, बाकीचे पोरं घडवून बाहेर पाठवतात आणि त्या करारमोडीच्या रकमेवर पुढच्या वर्षीचे दिवे लावतात. एनबीएतला तारा निकोला योकिच ज्या मेगा क्लबामधून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, ४१ व्या क्रमांकावर गेला, तो क्लब तर यासाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे नर्सरीत रोपं वाढवतात ती तिथेच लावण्यासाठी नसतात, तसं. तेव्हा एखादा सर्बियन खेळाडू देश सोडून गेला यात बेइमानी कुणाला दिसत नाही. दक्षिण सर्बियात ‘पेचाल्बार’ असा जुना शब्द आहे: हंगामापुरता दूरदेशी जाऊन गवंडीकाम करणारा आणि हिवाळ्यात पैसे घेऊन परतणारा. बास्केटबॉलपटूचा हंगाम उलटा, हिवाळ्यात बाहेर आणि उन्हाळ्यात घरी. बाकी फार फरक नाही.

कुठे जायचं, हे मात्र खेळापेक्षा पारपत्रावर जास्त ठरतं, आणि इथे बाहेरच्या माणसाची नेहमी फसगत होते. सर्बिया युरोपीय संघात नाही. जर्मन लीगमध्ये बारा जणांत सहा जर्मन लागतात. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या देशांतले खेळाडू मोजकेच घेता येतात. मग क्लब विचार करतो, ती जागा सर्बियनला देऊ की अमेरिकनला? बहुतेक वेळा अमेरिकन जिंकतो. पण त्याच सर्बियन मुलाची आजी हंगेरियन असेल तर? २०११ पासून हंगेरीने अशा वंशजांना नागरिकत्व देणं सोपं केलं, आणि उत्तर सर्बियातल्या वोइवोदिना प्रांतात पुष्कळ घरांत दोन पारपत्रं आली. माझ्याकडे नवा खेळाडू आला की मी त्याची उंची नंतर विचारतो. आधी आजीचं गाव विचारतो.

आता पैसे.

कागदावर युरोपातला करार सुंदर दिसतो. रक्कम निव्वळ, म्हणजे कर क्लब भरणार. साधारण दहा मासिक हप्ते. घर, गाडी, घरी जाण्या-येण्याची विमानाची तिकिटं. एजंटाचे बहुधा दहा टक्के, तेही क्लबच देणार. खेळाडू सही करतो आणि घरी फोटो पाठवतो. मी मात्र शेवटून वाचायला लागतो. हप्ता चुकला तर काय, हे कलम आहे का? असेल तर किती दिवसांनी सरावाला न जाण्याची मुभा, किती दिवसांनी करार सोडण्याची, आणि सोडला तर उरलेले हप्ते देय होतात का? वैद्यकीय तपासणी सहीनंतर किती तासांत? ती मुदत लिहिलेली नसेल तर क्लब दोन आठवडे तुमचा सराव बघतो, आवडला नाहीत तर गुडघ्यात काहीतरी शोधून काढतो. आणि वाद झाला तर तो कुठे सोडवायचा?

या शेवटच्या कलमावर सगळं अडतं. २००७ पासून फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाच्या, छत्राखाली बास्केटबॉलचा एक लवाद आहे, कायदेशीर ठाणं जिनिव्हा. आज त्याला ‘बॅट’ (बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल) म्हणतात. निवाडा एकच माणूस करतो, भाषा इंग्रजी, आणि पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर तो कुठल्याही देशाचं कायद्याचं पुस्तक न उघडता जे रास्त वाटेल ते देतो. हजाराच्या वर प्रकरणं तिथे जाऊन आलीत, आणि त्यांतली फार मोठी संख्या एकाच वाक्याची असते: पगार दिला नाही. निकाल मानला नाही तर क्लबला नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत. ही टाच फार कामाची आहे, कारण ऑगस्टमध्ये नवा अमेरिकन आणायचा तर गेल्या वर्षीच्या सर्बियनचे पैसे आधी मोकळे करावे लागतात. पण करारात त्या लवादाचं कलमच नसेल, तर तुम्ही त्या गावच्या न्यायालयात, त्या गावच्या भाषेत, गावच्या लाडक्या क्लबाविरुद्ध उभे! आणि क्लब दिवाळखोरीत गेला, किंवा तीच माणसं वेगळ्या नावाने नवा क्लब काढून बसली, तर निकालाचा कागद भिंतीवर लावायचा.

माझा एक जुना खेळाडू आहे, उंच फॉरवर्ड, बारा वर्षांत नऊ क्लब. भूमध्य समुद्राकाठच्या एका क्लबात त्याचे सलग तीन हप्ते थकले. अध्यक्ष रोज पाठीवर थाप मारून ‘सोमवारी’ म्हणायचे. हा रागावून विमानात बसायला निघाला होता, रात्री दोनला फोन. मी म्हटलं, बाबा, आज निघालास तर करार तू मोडलास असं होईल. आधी लेखी नोटीस, मग मुदत, तोवर रोज सरावाला जा आणि गेल्याचा पुरावा ठेव. तेव्हापासून त्याने एक वही केली. तारीख, हप्ता, आला की नाही, कुणाला कळवलं. नंतर त्याला बहुतेक रक्कम मिळाली, पण पूर्ण नाही. मधल्या काळात दुसऱ्या क्लबात कमावलेलं लवाद वजा करतो. घरी बसून राहिला असता तरी, काम शोधलं का नाहीस, असं विचारलंच असतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारा आधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग ती फेडत राबतो. इथे कोयता आधी चालतो आणि पैसे मागून, आले तर. दोन्हीकडे हंगामाच्या मधोमध हात अडकलेला असतो.

म्हणून मी म्हणतो की अर्धेअधिक क्लबबदल खेळामुळे होत नाहीत. पगार थकला म्हणून सोडलं. दुसऱ्याचा सेंटर जखमी झाला म्हणून दोन महिन्यांसाठी गेलो. चीनचा हंगाम लवकर आटोपला म्हणून वसंतात युरोपात आलो. कधी क्लबच नाहीसा होतो. रादुल्यित्सा २०१२-१३ मध्ये ज्या आझोव्हमाशकडे खेळला, तो क्लब पुढे युक्रेनमधल्या उलथापालथीत बंदच पडला. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर युरोलीगने रशियन क्लब बाजूला काढले तेव्हा माझा फोन तीन दिवस थांबला नाही. चांगले पैसे वेळेवर देणारी एक मोठी पेठ एका आठवड्यात मिटली.

आता कबूल करायच्या गोष्टी. हे सगळं सरसकट लागू नाही. वयावर अवलंबून आहे: बाविसाव्या वर्षी चार क्लब म्हणजे शोध, बत्तिसाव्या वर्षी चार क्लब म्हणजे बहुधा गुडघा. जागेवर अवलंबून आहे. खेळ आखणाऱ्या पॉइंट गार्डला संघाची भाषा शिकावी लागते, त्याला दरवर्षी हलणं महाग पडतं. सेंटरला तुलनेने सोपं, उंची सगळ्या भाषांत सारखीच. काळावरही अवलंबून आहे. तीन गुणांच्या फेकांचा पूर आल्यापासून बास्केटकडे पाठ करून खेळणाऱ्या जड सेंटरचा भाव युरोपात उतरला. चीनमध्ये तो जास्त काळ टिकला, कारण तिथे परदेशी खेळाडूने गुण काढावेत अशीच अपेक्षा असते. रादुल्यित्सा मिलाननंतर पुन्हा चीनला गेला याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. आणि काही खेळाडू खरंच भांडकुदळ असतात, तेही आहे. पण ते यादीवरून कळत नाही, दोन फोन केल्यावर कळतं.

उलट दिशेचं उदाहरणही द्यायला हवं. बोबान मार्यानोविच, बोल्येवाट्सचा, सव्वासात फुटांच्या वरचा. वर्शात्सच्या हेमोफार्ममधून २०१० मध्ये मॉस्कोच्या सीएसकेएला गेला, मग लिथुआनियाचा झाल्गिरिस, मग निझ्नी नोव्हगोरोद. दोन-तीन वर्षांत मोठ्या क्लबाच्या बाकावरून तो जवळपास विस्मरणात गेला. तेव्हा त्याने जे केलं ते मी तरुणांना नेहमी सांगतो: पैसे कमी झाले तरी घरी परतला. आधी मेगा, मग त्सर्वेना झ्वेझ्दा. खेळायला मिनिटं मिळाली, २०१४-१५ मध्ये युरोलीगच्या सर्वोत्तम पाचात आला, एनबीएच्या सॅन अँटोनियोने एका वर्षासाठी नेलं, आणि २०१६ मध्ये डेट्रॉइटने तीन वर्षांचे २ कोटी १० लाख डॉलर दिले. त्या कराराच्या काळात दोन वेळा त्याची अदलाबदल झाली, दोन्ही वेळा टोबायस हॅरिससोबत. तरी कराराची रक्कम क्लबाबरोबर बदलत नाही, ती खेळाडूच्या पाठोपाठ येते. याचंही बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवरच, पण त्यात कागद पक्के होते.

तर तुमच्या दोन प्रश्नांची आटोपशीर उत्तरं. ठेवून का घेत नाहीत? कारण ठेवून घेण्याची रचना बहुतेक ठिकाणी नाहीच. पुन्हा कोण बोलावतं? ज्याच्याकडे अमुक महिन्यात अमुक जागा रिकामी आहे आणि ज्याला ओळखीतल्या प्रशिक्षकाने ‘हा सरावाला वेळेवर येतो’ असं सांगितलंय तो.

आणि पुढच्या वेळी अशी यादी वाचाल तेव्हा क्लबांची नावं झाका आणि महिने बघा. जुलै-ऑगस्टमध्ये घेतला असेल तर त्याला निवडलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत घेतला असेल तर कुणाची तरी जागा भरायला आणलं होतं, पण तिथून जूनपर्यंत राहिला असेल तर त्याने ती जागा कमावली. हंगामाच्या मधेच, आणि कमी दर्जाच्या लीगमध्ये गेला असेल, तर पैसे थकले असण्याची शक्यता मी सगळ्यात आधी धरतो. शेवटी एक खूण, जी मी आकडेवारीच्याही वर मानतो: मधे तीन-चार वर्षं गेल्यावर एखादं नाव यादीत दुसऱ्यांदा आलंय का? क्लबाला त्याच्या सवयी, त्याचा गुडघा, त्याचा एजंट, सगळं माहीत असतं. सगळं माहीत असूनही त्यांनी पुन्हा फोन केला असेल, तर त्या खेळाडूसाठी मी दुसरा फोन करत नाही.